कूस कोण बदलणार?

वॉर्डात नर्सने आधी काय करावे, हे नर्सिंगच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. श्वास अडला असेल तर तो आधी, मग रक्तदाब आणि नाडी, मग वेळेची औषधे, मग बाकीचे. या क्रमाबद्दल फारसा वाद नाही. माझे कुतूहल कितीतरी वर्षे त्याच क्रमाच्या तळाशी रेंगाळत आले आहे. तीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोन सिस्टर असतील, तर ड्यूटी संपेपर्यंत कोणते काम राहून जाते, ते रोज तेच असते का, आणि ते शेवटी कोणाच्या अंगावर पडते? रुग्णाची सुरक्षितता समजून घ्यायची तर या राहून गेलेल्या कामांकडे पाहावे लागते, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले. ते पक्के करण्यात बंगळूरच्या एका प्रयोगाचा वाटा मोठा आहे. त्याचे कौतुक भरपूर झाले, पण त्याची झडती मराठीत फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

राहून गेलेल्या कामांचा शिस्तशीर अभ्यास तसा अलीकडचा. अमेरिकेतील संशोधक बिअट्रिस कॅलिश यांनी 2006 साली नर्सना बोलते केले, तेव्हा मोकळेपणी कबूल केलेली एक यादीच समोर आली: रुग्णाला चालवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, वेळेवर भरवणे, घरी जाताना काय काळजी घ्यायची ते समजावणे. पुढे युरोपातील बारा देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक नर्सनी सांगितले, की शेवटच्या पाळीत रुग्णाशी बोलायला, त्याला धीर द्यायला वेळ मिळाला नाही. रुग्णाला आणि घरच्यांना शिकवण्याचे काम चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे राहिले होते. देश बदलले तरी यादी फारशी बदलत नाही. याचा अर्थ नर्स आळशी आहेत किंवा बेफिकीर आहेत असा लावणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. इंजेक्शन चुकले तर चार्टवर रिकामा चौकोन दिसतो आणि सकाळच्या राउंडला त्याचा जाब द्यावा लागतो. रात्री दोन वाजता कूस बदलली नाही तर त्या रात्री काहीच दिसत नाही. पाठीवरची कातडी लाल होते, मग सोलते आणि बेडसोर झाल्याचे लक्षात येते तेव्हा चार पाळ्या उलटून गेलेल्या असतात. कोणत्या पाळीचा दोष, ते सांगता येत नाही. हाताशी वेळ कमी असला की ज्याचा हिशेब मागितला जातो ते काम टिकते आणि ज्याचा मागितला जात नाही ते गळते. असा क्रम लावणारी नर्स उपलब्ध मिनिटांत अगदी शहाणपणाने वागत असते, आणि तरीही रुग्णाचे नुकसान होत असते.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांना हे उमगले होते. 1859 च्या त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात व्यवस्थापनाच्या बारीकसारीक गोष्टींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही कसे होईल, याची तजवीज करणे हेच प्रमुखपण, असा त्याचा रोख. दिवा घेतलेल्या बाईंच्या चित्रात हे प्रकरण झाकले गेले. त्यांच्याच देशात दीडशे वर्षांनंतर मिड स्टॅफर्डशरच्या रुग्णालयात काय घडले, ते 2013 च्या फ्रान्सिस अहवालात वाचायला मिळते: पाण्याचा ग्लास हाताला लागत नाही म्हणून तहानलेले आणि मळलेल्या चादरीवर तासन् तास पडून राहिलेले रुग्ण. पैसे वाचवण्यासाठी नर्सची संख्या कापलेली होती, आणि गळलेली कामे याच यादीतली होती.

आपल्याकडे ही कामे दिसतच नाहीत, कारण ती करायला खाटेशेजारी कोणीतरी उभे असते. ‘पेशंटसोबत एक जण थांबा’ हे वाक्य ऐकले नाही असे भारतीय कुटुंब विरळा. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात या प्रथेचे मूळ आकड्यांत सापडते. त्या वेळच्या हिंदुस्थानात डॉक्टर सत्तेचाळीस हजारांच्या आसपास होते आणि नर्स होत्या सुमारे सात हजार. म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक नर्स. नर्सपेक्षा डॉक्टर कैक पटींनी जास्त, अशी उफराटी उतरंड घेऊन देश स्वतंत्र झाला. 1954 च्या शेट्टी समितीने शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक नर्स असावी असे सुचवले. 1989 साली सरोजिनी वरदप्पन यांच्या समितीने परिचर्येच्या दुरवस्थेवर पुन्हा सविस्तर लिहिले. शिफारशी कागदावर राहिल्या आणि मधली पोकळी आई, बहीण, सून, नवरा यांनी भरून काढली. ही कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारी, बिनपगारी नर्सिंग सेवा आहे आणि तिच्यावर आपली रुग्णालये चालतात.

बंगळूरच्या बोम्मसंद्र भागात डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेले नारायण हृदयालय स्वस्त दरात आणि प्रचंड संख्येने हृदयशस्त्रक्रिया करण्यासाठी ओळखले जाते. त्यामुळे तिथे दूरदूरच्या राज्यांतून रुग्ण येतात आणि प्रत्येकाबरोबर येणारी माणसे शस्त्रक्रियेच्या काळात वऱ्हांड्यांत, प्रतीक्षालयांत दिवसच्या दिवस बसून असतात. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थी एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इथे आले. त्यांच्या नजरेत ही बसून राहिलेली, घाबरलेली आणि काहीतरी करायला आतुर असलेली माणसे भरली. त्यातून नूरा हेल्थ ही संस्था आणि तिचा ‘केअर कंपॅनियन’ उपक्रम उभा राहिला. त्यात नर्सला शिकवायला शिकवले जाते, आणि नर्स वॉर्डातच नातेवाइकांचा वर्ग घेते. हात कसे धुवायचे, जखम कशी कोरडी ठेवायची, जेवणात काय द्यायचे, औषध बंद का करायचे नाही, कोणती लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठायचे, हे सारे चित्रे, व्हिडिओ आणि प्रात्यक्षिकासह. पुढे हा उपक्रम कर्नाटक, पंजाब, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत गेला आणि बाळंतिणी व नवजात बालकांच्या वॉर्डांतही पोहोचला. हृदयशस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत 71 टक्क्यांनी कमी झाली, हा संस्थेचा सर्वाधिक गाजलेला आकडा.

या उपक्रमाचे मोल मला मनापासून वाटते, म्हणूनच त्याची नीट तपासणी व्हावी असेही वाटते. त्याने ओळखलेली गोष्ट खरी आहे. घरी जाताना द्यायच्या सूचना हे नर्सच्या हातून सर्वाधिक निसटणाऱ्या कामांपैकी एक, आणि छाती उघडून शिवलेल्या माणसाला रिक्षात बसवताना घाईघाईत कानावर पडलेली चार वाक्ये कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. त्या कामाला ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेली व्यक्ती दिली गेली. यादीच्या तळातले काम उचलून वर ठेवण्याचा यापेक्षा सरळ मार्ग नाही. पण 71 टक्क्यांचा आकडा चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडणाऱ्या, कडक चाचणीतून आलेला नाही, हे विसरून चालणार नाही. शिवाय या यशाचा एक भलता अर्थ काढला जातो. नातेवाईक इतके करू शकतात, तर नर्स कमी असल्या तरी चालेल, असा तो अर्थ. धोरणे ठरवणाऱ्यांना तो सोयीचा आहे, आणि पुरावा त्याच्या विरुद्ध जातो.

पक्षाघातावरची ‘अटेंड’ ही चाचणी पाहा. भारतातील चौदा रुग्णालयांतील 1,250 रुग्णांवर झालेला हा अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचे व्यायाम आणि काळजी शिकवली, उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 47 टक्के निघाले. घरच्यांची माया कमी पडली असे यावरून कोणी म्हणू नये. प्रशिक्षित हातांचे काम थोड्या शिकवणीने दुसऱ्या हातांत जात नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. उलट दिशेचा दाखलाही तितकाच बोलका आहे. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत 3,211 कमी वजनाच्या बाळांवर झालेली चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. जन्मल्याबरोबर बाळ आईच्या छातीशी ठेवले तेव्हा मृत्यूचे प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. इथे आई जे देत होती ते कोणतीही नर्स देऊ शकली नसती. मात्र त्यासाठी आईची खाट नवजात अतिदक्षता विभागाच्या आत न्यावी लागली, जिथे बाळाकडे लक्ष द्यायला नर्स हजर होत्या. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की सीमारेषा दिसते. नातेवाईक नर्सच्या सोबतीने जे करतात ते जीव वाचवते. नर्सच्या ऐवजी जे करतात त्याचा भरवसा नाही. ‘सोबत’ आणि ‘ऐवजी’ यांतला फरक वॉर्डाबाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची सरमिसळ होते.

सेवाभाव असेल तर संख्या कशाला मोजायची, असा आक्षेप इथे हमखास येतो, आणि त्यासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा दाखला दिला जातो. उत्तर कन्नडमधील हळदीपूरच्या, केईएममध्येच परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्याच रुग्णालयात हल्ला झाला आणि 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाचा 7 मार्च 2011 चा निकाल इच्छामरणाचा निकाल म्हणून वाचला जातो. परिचर्येच्या दृष्टीने पाहिला तर त्यात वेगळेच काही हाती लागते. इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या या रुग्णाला बेडसोर झाला नाही, हे न्यायालयापुढे आले. म्हणजे कूस बदलणे, तोंड पुसणे, भरवणे ही सगळीकडे आधी गळणारी कामे इथे पिढ्यान् पिढ्या गळली नाहीत. अरुणा यांच्या इच्छामरणासाठीची पिंकी विराणी यांची याचिका आणि तिला परिचारिकांचा विरोध यांत न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील माणसांना दिला, तोही याच सेवेच्या बळावर. या हकिकतीला त्यागाची कथा म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. एका रुग्णाची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले होते, येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीकडे ती रीतसर सोपवली जात होती आणि सगळ्या रुग्णालयाचे तिच्याकडे लक्ष होते. कामाला हिशेब मिळाला की काय घडते, याचा आपल्या देशातील हा सर्वांत लख्ख पुरावा आहे. तेच लक्ष भरलेल्या वॉर्डातील प्रत्येकाला द्यायचे तर माणसेच जास्त लागतात. लिंडा एकन यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 साली मांडला. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. युरोपातील नऊ देशांत 2014 साली जवळपास तेच दिसले.

पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने 2016 मध्ये नर्स-रुग्ण प्रमाण कायद्याने बांधले. नंतरच्या अभ्यासात मृत्यू कमी झाले, आणि रुग्ण लवकर घरी गेल्याने व परत भरती टळल्याने वाचलेला खर्च वाढीव नर्सवरील खर्चाच्या दुपटीहून जास्त भरला. आपल्याकडे खाटेचा दिवसाचा खर्च वेगळा, पगार वेगळे, त्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही हे मान्य. पण बंगळूरला तरी नर्स मिळत नाहीत असे म्हणता येत नाही. हे शहर नर्सिंग शिक्षणाच्या देशातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. केरळपासून ईशान्येपर्यंतचे मुलगे-मुली इथे शिकतात आणि संधी मिळताच आखातात, ब्रिटनमध्ये निघून जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील पगार सुचवले: दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांपेक्षा कमी नाही. एवढ्याशा आकड्यासाठी समिती लागते, यावरून नर्स का थांबत नाहीत ते कळते. यंत्रे ही उणीव भरतील, ही आशाही बंगळूरनेच दिली. 2015 साली इथे सुरू झालेल्या डोझी कंपनीची पट्टी गादीखाली ठेवली की अंगाला न लागता नाडी-श्वासाची नोंद होते. रात्री बिघडणारा रुग्ण लवकर लक्षात आणून देणारे असे साधन मला हवेच वाटते. पण धोक्याची घंटा वाजल्यावर खाटेपाशी पोहोचायला माणूस लागतो, आणि कूस बदलायला तर दोन.

फ्रान्सिस अहवालानंतर इंग्लंडमध्ये प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फलक आला: या पाळीला किती नर्स असायला हव्यात आणि प्रत्यक्षात किती आहेत. नातेवाईक आत शिरतानाच तो वाचतात. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याने रुग्णालयांना उपचारांचे दर दर्शनी भागात लावावे लागतात. त्या दरपत्रकाशेजारी रोज रात्री हे दोन आकडेही लिहावेत, ही मागणी खर्चाची नाही. ‘केअर कंपॅनियन’चा वर्ग घेणाऱ्या नर्सचा तो तास ड्यूटीत धरला आहे की तिच्या रुग्णांचा भार तेवढ्या वेळापुरता शेजारणीवर टाकला आहे, हेही मग त्याच फलकावरून विचारता येईल.