सरासरी कुणाची धरायची?

1984 साली वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने राज्याच्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला, तेव्हा आमचं शिरड शहापूर परभणी जिल्ह्यात होतं. समितीची पद्धत सरळ होती. रस्ते, सिंचन, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, तिच्याखाली असलेल्या जिल्ह्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. एकूण आकडा आला सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस आणि उर्वरित महाराष्ट्राचा तब्बल 37 टक्के.

मराठवाड्यापेक्षा उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष जास्त निघाला, कारण मोजणीचं एकक जिल्हा होतं. कोकणातले आणि दुष्काळी पट्ट्यातले जिल्हे सुटे मोजले गेले, त्यांची तूट धरली गेली. पण त्याच प्रदेशातल्या सधन जिल्ह्यांची आघाडी त्यातून वजा झाली नाही. प्रदेश एकक धरला असता तर वाटण्या बदलल्या असत्या, तालुका धरला असता तर आणखीच वेगळ्या. दांडेकर आकड्यांशी खेळणारे नव्हते; नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी 1971 साली मांडलेला गरिबीचा अभ्यास आजही दाखल्याला घेतला जातो. बेरीज-वजाबाकी चोख होती. पण एकक कोणतं धरायचं, हे बेरीज सांगत नाही.

हे मराठी माणसाला फार आधी सांगून झालं होतं. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी बजावलं होतं की, इंग्रजी पुस्तकांतले अर्थशास्त्राचे सिद्धान्त सगळ्या देशांना, सगळ्या काळांना सारखे लागू पडत नाहीत. खुल्या व्यापाराचं तत्त्व तेव्हा निसर्गनियमासारखं शिकवलं जात होतं आणि फायदा कुणाचा होत होता, हे उघड होतं.

जिल्ह्याच्या सरासरीचा अर्थ आमच्या भागात चटकन कळतो. जायकवाडीच्या कालव्याखालची जमीन आणि हिंगोलीकडचं कोरडवाहू माळरान एकाच परभणी जिल्ह्याच्या बेरजेत बसत होतं. सिद्धेश्वर धरण तर आमच्याच औंढा तालुक्यातलं. त्याचं पाणी परभणी-नांदेडकडेही जातं. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि सिंचनाचा अनुशेष वेगळा मोजा, ही मागणी जोर धरू लागली. जमीन तीच, पाऊस तोच. हद्द बदलल्यावर मागासलेपणाचा आकडा बदलतो. पुढे विजय केळकर समितीने 2013 साली नवी मांडणी दिली, ती बव्हंशी कागदावरच राहिली. अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

हमीभावाचंही तेच. 2024-25 साठी सोयाबीनचा उत्पादन खर्च क्विंटलला 3,261 रुपये धरला गेला आणि त्याच्या दीडपट म्हणून 4,892 रुपये भाव जाहीर झाला. या खर्चात बियाणं, खत, मजुरी आणि घरच्या माणसांचे कष्ट आहेत. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज नाही. ते धरून काढलेला खर्चही सरकारचा कृषिमूल्य आयोगच दरवर्षी छापतो. दोन्ही हिशेब शास्त्रशुद्ध आहेत. भाव कोणत्या हिशेबावर द्यायचा, हे मात्र दिल्लीत ठरतं.

त्या हंगामात बाजारात सोयाबीन हमीभावाच्या बरंच खाली विकलं. खरेदी केंद्रावर मॉइश्चरची अट होती 12 टक्के. परतीच्या पावसात काढलेला माल यंत्रात घातला की आकडा वर जायचा आणि पोती परत गाडीत चढायची. वाळवायला जागा नाही, देणेकरी दारात. मग तोच माल आडतीवर मिळेल त्या भावाने जायचा. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. त्याच्या तोंडावर केंद्राने मर्यादा 15 टक्के केली. सोयाबीनच्या दाण्यात त्या आठवड्यात काही बदललं नव्हतं. 15 टक्क्यांवर माल घेता येत होता तर तो दिवाळीआधी का घेतला नाही, याचं उत्तर खरेदी करणाऱ्यांनी द्यायला हवं. तोवर लहान शेतकऱ्यांचा बराच माल विकून झाला होता.