सूर्यास्त पाहून स्टॉकहोम

परदेशी सहलीचा बेत ठरला की चौविहार पाळणारी ज्येष्ठ मंडळी हळूच म्हणतात, “तुम्ही जाऊन या.” स्टॉकहोमच्या चार दिवसांच्या सामूहिक सहलीत ही वेळ टाळता येते, त्यासाठी विमानभाड्याआधी सूर्यास्ताचे कोष्टक पाहावे.

डिसेंबरात तेथे दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. सहा तासांच्या दिवसात दर्शनीय स्थळे आणि दोन्ही वेळचे भोजन बसवणे कठीण. जूनअखेर सूर्यास्त रात्री दहानंतर होतो. नियम सांभाळला जातो, पण झोप हरवते आणि चातुर्मासही जवळ आलेला असतो. एप्रिलच्या मध्यास मात्र सूर्यास्त पावणेआठच्या सुमारास होतो. चैत्री ओळी व महावीर जन्मकल्याणक पाहून तारखा निश्चित कराव्यात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणून तूप-पेढ्यांऐवजी तेलाचे खाकरे व भाजलेले चणे न्यावेत. निवासात स्वयंपाकघर असल्यास उकळलेले पाणी आणि कंदमुळांविना भोजन सहज साधते.

१४ बेटांवर वसलेल्या या शहरात ‘वासा’ हे जहाज अवश्य पाहावे. वरचा भाग जड आणि तळाचा भार अपुरा, म्हणून ते १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले. १९६१ मध्ये वर काढले गेले. ते पाहून सहापर्यंत निवासी परतावे. सूर्यास्तापूर्वी सर्वांची पंगत एकत्र बसेल.