स्नायूत हाड दिसलं तर

मुलाच्या मांडीत गाठ लागते. एक्स-रेत त्या गाठीत हाडासारखे पांढरे ठिपके दिसतात. खालचं मांडीचं हाड मात्र शाबूत असतं. अशा वेळी ज्याची धास्ती वाटते, तो म्हणजे एक्स्ट्रास्केलेटल ऑस्टिओसार्कोमा. हा कर्करोग हाडाला न चिकटता मऊ भागात वाढतो आणि त्याच्या पेशी स्वतःच कच्चं हाड तयार करतात. मऊ भागातल्या सार्कोमांत त्याचा वाटा साधारण १ टक्का, तोही बहुतेक चाळिशी ओलांडलेल्यांत. मुलांत तो फारच विरळा.

मुळात स्नायूत हाड आलं म्हणजे कर्करोगच, असं नाही. खेळताना जोराचा मार बसला की दुरुस्तीला आलेल्या पेशी कधीकधी हाड बनवू लागतात. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो: इथे हाड कडेने आधी पिकतं, काही आठवड्यांत गाठीभोवती कवच तयार होतं आणि मधला भाग कच्चा राहतो. कर्करोगात बहुधा उलट, हाड मध्यभागी आणि कडा अस्ताव्यस्त. पण सुरुवातीच्या दिवसांत कवच धरलेलं नसतं. तेव्हा तुकडा काढला तर सूक्ष्मदर्शकाखाली साधी गाठही भयंकर दिसू शकते. मार लागलेला स्नायू मालिशवाल्याकडून रगडून घेऊ नये, त्याने हाड धरण्याचा धोका वाढतो.

बायोप्सीआधी मुलाच्या पायांचे अंगठे जरूर पाहावेत, हे मला कळकळीने सांगायचं आहे. जन्मतःच ते आखूड आणि आत वळलेले असतील, तर एफओपी या दुर्मीळ जनुकीय आजाराची शंका घ्यायला हवी. २००६ मध्ये त्याचं मूळ एसीव्हीआर१ या जनुकात सापडलं. या मुलांत सुई किंवा चाकू लागला की तिथे नवं हाड उठतं, सांधे कायमचे जखडतात. कर्करोग समजून अशा कितीतरी मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

अंगठे ठीक असतील आणि शंका उरलीच, तर आधी एमआरआय, मग बायोप्सी. ती पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानेच व्हावी, कारण सुईची वाटही नंतर गाठीसोबत काढायची असते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी हाड-सार्कोमाचे सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि बालकर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. कर्करोगाचं निदान पक्कं झालं की फुप्फुसांचा सीटी स्कॅन करतात, कारण हा रोग बहुधा तिथेच पसरतो. गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढणं हा उपचाराचा कणा. सोबत मुलांना बहुधा केमोथेरपीही देतात.