वकीलसाहेब बोलेनासे झाले, तर?

इंदापूरजवळ पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रकची ठोकर बसते आणि घरचा कर्ता माणूस खाटेला खिळतो. भरपाईसाठी बारामतीचे वकील गाठले जातात, फीचा पहिला हप्ता जातो. पुढे? "तारीख पडली," एवढेच उत्तर! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढलोच, तर डोळे उघडे ठेवून चढावे.

दावा खरोखर दाखल झाला ना, हे प्रथम पाहा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार-अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्सवर पुढली तारीख घरबसल्या कळते. दवाखान्याची बिले, पंचनामा यांच्या नकला घरी असाव्यात.

मग लेखी विचारणा करा, पोच जपा. तरीही मौनच, तर वकील खुशाल बदला. फी थकली म्हणून वकिलाला कागद अडविता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे न्यावी. ग्राहक न्यायालयाचे दार २०२४ च्या निकालाने बंद झाले. पैशाची ओढ असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

मोडलेला पाय डॉक्टर जोडतील. हुकलेली मुदत कोण जोडणार?