चारची घंटा, पाचचे कुरमुरे

मनःशांतीच्या शोधात निघालेल्या माणसाला शिबिरात सगळ्यात आधी काय सापडतं? स्वतःचे गुडघे! टेबल-खुर्ची आली आणि पंगतीतली मांडी सुटली. तिची आठवण विपश्यनेच्या हॉलमध्ये पहिल्याच सकाळी होते.

इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’चं वेळापत्रक बघा. पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान सुरू, आणि दिवसभरात ते होतं दहा तासांहून जास्त. अकराला दुपारचं जेवण. संध्याकाळी पाचला चहा, फळ, फार तर कुरमुरे. रात्रीचं जेवण नाहीच. आधी एखादं शिबिर केलेल्या ‘जुन्या’ साधकांना तर पाचला नुसतं लिंबूपाणी. सीनियर झालं की ताटातलं कमी होतं, अशी दुसरी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, शेजाऱ्याशी नजरानजरसुद्धा नाही. मोबाइल जमा, पुस्तक जमा, वही-पेनही जमा. मोबाइलचं दुःख दोन दिवसांत ओसरतं म्हणतात; खरी पंचाईत पेनाची. ध्यानात सुचलेले थोर विचार टिपता येत नाहीत, आणि घरी आल्यावर त्यातला एकही आठवत नाही. म्हणजे किती थोर होते ते कळलंच!

पहिले तीन दिवस काम एकच: नाकातून येणारा-जाणारा श्वास बघणं. विपश्यना शिकवतात ती चौथ्या दिवशी. मग येतं ‘अधिष्ठान’. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत, आणि हे दिवसातून तीनदा. नाकावर माशी बसली तर? बसू द्यायची.

ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका 2013 साली गेले, पण शिबिरात आजही सूचना त्यांच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात मिळतात. मंडालेत जन्मलेला हा मारवाडी उद्योगपती अर्धशिशीने इतका बेजार होता, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातले डॉक्टर झाले, गुण नाही. अखेर 1955 मध्ये ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी परतच लावलं. डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही, मन शुद्ध करायला येत असाल तर या, असं त्यांचं म्हणणं.

आणि हे गुरू कोणी जटाधारी नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल! सरकारी हिशेब तपासणाऱ्या या माणसाने आपल्याच कार्यालयात ध्यानाची खोली काढली होती. आपल्याकडच्या कचेऱ्यांत कॅरम तरी असतो.

गोयंकांचं भारतातलं पहिलं शिबिर जुलै 1969 मध्ये मुंबईतल्या एका धर्मशाळेत झालं. साधक होते अवघे चौदा, त्यात त्यांचे आईवडीलही. पुढे एप्रिल 1994 मध्ये, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, तिहारमध्ये हजाराहून जास्त कैदी एकदम शिबिराला बसले.

फी? शून्य. शिबिर पुरं केल्याशिवाय तुमचं दानही घेत नाहीत. हा मुद्दा मला सगळ्यात पटतो: आधी बस, मग बोल.

इगतपुरीच्या कसारा घाटाकडून लोणावळ्याच्या बोरघाटाकडे या. तिथे 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी ‘कैवल्यधाम’ काढलं आणि योग्याला थेट एक्स-रे यंत्रापुढे उभं केलं. नौली ही पोटाची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यात दाब उणा होतो हे त्यांनी मोजून दाखवलं, आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं नाव दिलं: ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुदक्षिणा म्हणून आतड्यातली पोकळी! असा शिष्य लाखात एक.

पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमाची तऱ्हा निराळी. दिवसा मरून झगा, संध्याकाळच्या सभेला पांढरा. ओशोंना वासाची ॲलर्जी होती, म्हणून एकेकाळी प्रवचनाला येणाऱ्यांना दारात चक्क हुंगून आत सोडत. अत्तर-शाम्पूवाले बाहेर.

ऋषिकेशला महर्षी महेश योगींकडे फेब्रुवारी 1968 मध्ये बीटल्स आले. रिंगो स्टारने पोट सांभाळायला बॅगेत भरून डबाबंद घेवडा आणला होता. स्वारी दोनेक आठवड्यांत परत. बाकीच्यांनी मात्र तिथे गाण्यांमागून गाणी रचली. तो आश्रम पुढे ओस पडला, वनखात्याकडे गेला, आणि 2015 पासून लोक तिथे तिकीट काढून भिंतींवरची चित्रं बघतात.

तुमचं इगतपुरीचं ठरत असेल तर रजेचा हिशेब नीट करा. ‘दहा दिवसांचं’ शिबिर आदल्या दिवशी नोंदणीने सुरू होतं आणि संपतं अकराव्या दिवशी सकाळी. अर्ज बारा दिवसांचा टाका.