रोज पंधरा मिनिटे, एकच कप्पा

दहा बाय सोळाची खोली. माळ्यावर फुटकी भांडी, पलंगाखाली गाठोडी. मग मुलांनी अभ्यास कोठे करायचा? एका रविवारी सगळा पसारा बाहेर काढला, तर संध्याकाळी तोच पुन्हा कोंबावा लागतो. म्हणून आम्ही नियम केला : रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे, एकच जागा. आज मांडणीचा कप्पा, उद्या एक गाठोडे. वापरातले ठेवायचे, धडके गरजूला द्यायचे, उरलेले भंगारात.

मात्र कागदांची पेटी घाईने रद्दीत घालू नका. आम्ही ती चूक केली. आजोबांचा शाळेचा दाखला गेला आणि मुलीच्या जातपडताळणीसाठी त्याची दुसरी प्रत मिळवायला गावच्या शाळेत सहा महिने खेटे घालावे लागले. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. असा कागद वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, झेरॉक्स काढा.

दीड महिन्यात खिडकीखालचा कोपरा मोकळा झाला. तेथे आता मुलीचे टेबल आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांसाठी एवढा कोपरा आपणही काढू या.