तैवानचा वसंत : समुद्रापासून शिखरापर्यंत

कर्कवृत्त आपल्या देशात भोपाळच्या थोडे उत्तरेकडून जाते. मार्च-एप्रिलमध्ये तेथे गवत वाळलेले असते, पळस फुललेला असतो आणि उन्हाचा चटका बसू लागलेला असतो. पश्चिमेकडे हेच वृत्त अरबस्तान व सहाराच्या वाळवंटातून जाते. मग पूर्वेला, याच वृत्तावरच्या तैवान बेटावर त्याच दिवसांत दाट हिरवी राने आणि थंड प्रदेशातली चेरीची फुले कशी दिसतात?

याचे एक कारण पाणी. बेटाला चारी बाजूंनी समुद्र आहे आणि हिवाळ्यात ईशान्येकडून, उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून बाष्पयुक्त वारे येतात. दुसरे कारण उंची. तैवानचे क्षेत्रफळ सुमारे 36,000 चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षाही थोडे कमी. पण या लहानशा बेटावर 3,000 मीटरपेक्षा उंच अशी दोनशेहून अधिक शिखरे आहेत. सर्वांत उंच युशान 3,952 मीटर आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटर.

वर चढणारा वसंत

उंचीचा परिणाम पाहायचा तर आलिशानला जावे. कर्कवृत्ताजवळच्या चिआयी गावातून तेथे डोंगरी रेल्वे जाते. जपानी राजवटीत, 1912च्या सुमारास, ती लाकूड वाहून आणण्यासाठी सुरू झाली. 2009च्या वादळात मोडलेला मार्ग 2024मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला. नेरळ-माथेरानच्या गाडीसारखीच ही गाडी वळणे घेत चढते. मात्र समुद्रसपाटीपासून 30 मीटरवर निघून ती सुमारे 2,200 मीटरपर्यंत पोचते.

साधारणपणे दर हजार मीटर चढल्यावर तापमान साडेसहा अंशांनी उतरते. खाली 25 अंश असले, तर वर किती असेल? गणित केले तर सुमारे 11 अंश येतात. म्हणूनच पायथ्याशी सुपारी व बांबू, मध्ये कापराची झाडे आणि वर सूचिपर्णी वृक्ष असे वनस्पतींचे पट्टे खिडकीतून एकामागून एक दिसतात. उत्तरेकडे हजारो किलोमीटर प्रवास करून जे पाहावे लागेल, ते येथे काही तासांत दिसते.

चेरीच्या कळ्यांना उमलण्यापूर्वी काही आठवडे थंडी मिळावी लागते. ती आलिशानला मिळते, म्हणून मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेथे बहर असतो.

उत्तरेला उडणारा वसंत

बेटाच्या दक्षिणेकडील मावलिनच्या उबदार दऱ्यांत जांभळी झाक असलेली क्रो फुलपाखरे लाखोंच्या संख्येने हिवाळा काढतात. आपल्याकडील कॉमन क्रोची ही जवळची भावंडे. मार्चमध्ये ती उत्तरेकडे निघतात. त्यांच्या वाटेवर एक द्रुतगती महामार्ग येतो. वाहनांखाली ती मोठ्या प्रमाणावर मरू लागली, तेव्हा 2007पासून गर्दीच्या वेळी रस्त्याची एक मार्गिका बंद ठेवण्यास आणि कडेला उंच जाळ्या उभारण्यास सुरुवात झाली. जाळीमुळे फुलपाखरे वाहनांच्या वरून उडत जातात. या काळात तेथे नुसते उभे राहिले तरी ऋतू सरकताना दिसतो.

डोंगर अजून घडतो आहे

पण एवढ्याशा बेटावर इतके उंच डोंगर आले कोठून? पूर्व किनाऱ्यावरची तारोकोची घळई याचे उत्तर देते. फिलिपीन समुद्राचे भूपट्ट दरवर्षी सुमारे 8 सेंटिमीटर वायव्येकडे सरकत युरेशियाच्या भूपट्टावर आदळत आहे. या रेट्याने जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जाते. हा वेग 5 मिलिमीटर धरला, तर दहा लाख वर्षांत 5 किलोमीटर होतात! डोंगर तेवढे उंच राहत नाहीत, कारण पाऊस आणि नद्या त्यांना तितक्याच नेटाने झिजवतात. लिवू नदी सुमारे 60 किलोमीटरांत 3,000 मीटरहून अधिक उतरते. एकेकाळी समुद्रतळाशी साचलेल्या आणि उष्णता व दाबाने संगमरवर झालेल्या चुनखडीला तिने करवतीसारखे कापले आहे.

हिवाळी पाऊस ओसरलेला आणि मे-जूनचा पाऊस यायचा असतो, अशा मधल्या दिवसांत लोक येथील पायवाटांवर येतात. 2024 साली 4 एप्रिलपासून तेथे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाची सुट्टी होती. आदल्या दिवशी, 3 एप्रिलला, सकाळी आठच्या सुमारास 7पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. घळईत कडे कोसळले. मृतांमध्ये पायवाटेवरून चालणारे लोकही होते. उद्यान बंद करावे लागले.

ज्या शक्तीने घळई घडवली, त्याच शक्तीने ते कडे पाडले. कडे कधी कोसळतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून बंद केलेल्या वाटेवर न जाणे आणि मोठ्या पावसानंतर कड्याखाली न थांबणे, हाही तेथे निसर्ग समजून घेण्याचाच भाग आहे.

वर्गासाठी

वाई आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत सुमारे सहाशे ते सातशे मीटरचा फरक आहे. तापमानात किती फरक पडावा, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे आणि वर्तमानपत्रातील आकड्यांशी ताडून पाहावे. जवळ घाट असेल, तर एकाच जातीचे झाड पायथ्याशी आणि माथ्यावर कोणत्या तारखेला फुलले याची नोंद दोन-तीन वर्षे ठेवावी. वसंत आपल्या घाटातही वर चढतो का, हे त्या वहीतून कळेल.